धुण्याचे पाणी परसबागेत सोडायचे असेल तर कपडे कशाने धुवावेत?

कर्दळ (बार्शी परिसर)

सर्वांना नमस्कार.

आमचे घर बार्शीजवळच्या एका लहान गावात आहे आणि घरामागे साधारण दोन गुंठ्यांची परसबाग आहे. उन्हाळ्यात बोअरचे पाणी इतके खाली जाते की झाडांसाठी वेगळे पाणी काढणे जिवावर येते, आणि त्याच दिवसांत मोरीतून आणि मशीनमधून निघालेले धुण्याचे पाणी मात्र रोज उघड्या गटारात वाहून जाते. हे पाणी बागेकडे वळवावे असे आम्ही घरात ठरवले आहे. बागेत दोन नारळ, केळी, अळू, कर्दळ, एक लिंबू, कढीपत्ता, मोगरा आणि एका कोपऱ्यात मेथी-पालकाचे वाफे आहेत. जमीन काळी, भारी आहे.

सासूबाईंचे म्हणणे असे की, पूर्वी न्हाणीचे पाणी केळी-अळूलाच जात असे आणि झाडे जोमाने वाढत असत. ते खरेच आहे, पण तेव्हा न्हाणीत आजच्यासारखी पावडर नव्हती, एवढे मलाही कळते. म्हणून पाणी वळवण्याआधी धुण्याची पद्धत बदलावी असे वाटते. अडचण अशी की आमचे पाणी फार जड आहे. साबणाला फेस येत नाही, उलट बादलीच्या कडेला पांढरट साका धरतो आणि टॉवेल वाळल्यावर पापडासारखे कडक होतात. दुकानदाराने पाणी मऊ करणारे सॉफ्टनर यंत्र बसवायला सांगितले आहे. फोनवर येणाऱ्या संदेशांत कोणी खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालायला सांगते, तर कोणी सगळे सोडून रिठा वापरायला सांगते. यांतले मातीला खरोखर काय चालते?

घरात तान्हे बाळ आहे, त्यामुळे धुणे रोजचे आणि भरपूर असते. शिवाय सासूबाईंच्या आणि माझ्या रेशमी साड्या कपाटात डांबरगोळ्या घालून ठेवलेल्या आहेत. त्याही बंद कराव्यात असे मनात आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.


मातीकाम

कर्दळताई, मी माती-पाणी परीक्षणाच्या कामात आहे, त्यामुळे आधी मातीच्या बाजूने लिहितो.

आपल्या प्रश्नाचे मर्म सोडियममध्ये आहे. धुण्याच्या पावडरीत मळ काढणारे घटक असतात तसा धुण्याचा सोडा असतो आणि बऱ्याच स्वस्त पावडरींत केवळ वजन भरण्यासाठी सोडियम सल्फेट घातलेले असते. मळ काढणाऱ्या घटकांचे हवेशीर मातीतले जिवाणू हळूहळू विघटन करतात. सोडियमचे मात्र विघटन होत नाही, ते जिथे पडते तिथेच साठत जाते. निर्जल धुण्याच्या सोड्यात वजनाच्या सुमारे ४३ टक्के, साध्या मिठात ३९ टक्के, सोडियम सल्फेटमध्ये ३२ टक्के आणि खायच्या सोड्यात २७ टक्के सोडियम असते. म्हणजे ज्याला आपण निरुपद्रवी समजून मूठमूठ वापरतो तो खायचा सोडादेखील मातीच्या हिशेबात मिठापासून फार दूर नाही.

काळ्या जमिनीत हे अधिक जपावे लागते, कारण तिच्यातली चिकणमाती कॅल्शियमच्या आधाराने कणीदार राहते. कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रे बुजतात, पाणी वर तुंबते आणि वाळल्यावर वर कडक पापुद्रा येतो. शेतकरी जिला चोपण जमीन म्हणतात ती अशीच होते. चोपणीकरण एका महिन्यात दिसत नाही, म्हणून सुरुवातीला सगळे ठीक चालले आहे असे वाटते. त्यातच आपल्याकडच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-आम्लारीपणाचे माप) मुळातच आठच्या आसपास असतो आणि पावडरीच्या पाण्याचा दहाच्याही वर जाऊ शकतो. असे पाणी सतत मिळाले की जमिनीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. उसात यालाच केवडा पडणे म्हणतात. आपल्या बागेत याची पहिली खूण लिंबावर दिसेल.

म्हणून बागेसाठी पावडरीपेक्षा द्रव डिटर्जंट बरे. त्यात सहसा भरीचे क्षार आणि धुण्याचा सोडा नसतो. पोटॅशियमपासून केलेला मऊ साबण मिळाला तर तो मातीला त्याहून चांगला, कारण पोटॅश झाडाला लागतेच, परंतु आपल्या जड पाण्यात तोही साबणच असल्यामुळे साका धरणार. बोरॅक्स किंवा बोरॉन असलेले कोणतेही उत्पादन मात्र बागेकडे जाणाऱ्या पाण्यात नको. झाडाला बोरॉन लागते ते अत्यल्प, आणि जास्त झाल्यास पानांच्या कडा जळतात.

सॉफ्टनरविषयी अगदी स्पष्ट लिहितो. घरगुती सॉफ्टनर पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो व त्यांच्या बदल्यात सोडियम सोडतो. त्यातले रेझिनचे बारीक मणी पुन्हा ताजे करण्यासाठी मिठाचे पाणी फिरवावे लागते आणि ते खारे पाणी बाहेर टाकावे लागते. कपड्यांसाठी तो उपयोगी आहे यात शंका नाही, पण बागेच्या दृष्टीने तो सर्वांत वाईट पर्याय आहे. आपल्या जड पाण्यातला कॅल्शियम कपड्यांना त्रास देत असला तरी काळ्या मातीला तोच सोडियमपासून वाचवतो. पाणी गटारात जाणार असते तर मी सॉफ्टनरला हरकत घेतली नसती.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालण्याला काही अर्थ नाही. एक आम्लारी आणि दुसरे आम्ल असल्यामुळे दोन्ही एकमेकांना मारतात, फसफसून वायू निघून जातो आणि बादलीत सोडियम ॲसिटेटचे पाणी उरते, ज्यात मळ काढण्याची ताकद नाही. व्हिनेगर वापरायचे असेल तर एकटे, तेही शेवटच्या खळबळीच्या पाण्यात अर्धी वाटी घालावे. कपड्यांत उरलेला क्षार त्याने निघतो आणि टॉवेलचा कडकपणा बराच कमी होतो. हे करताना घरातले कपडे पांढरे करणारे ब्लीच त्या पाण्याच्या जवळही येऊ देऊ नका. ब्लीच आणि कोणतेही आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो, आणि लिंबाचा रस हेही आम्लच आहे.

पाणी वळवण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. मशीनचे पहिले, साबणाचे पाणी गटारालाच जाऊ द्यावे आणि खळबळीची पाणी तेवढी बागेकडे घ्यावीत. क्षारांचा मोठा भाग पहिल्या पाण्यातच निघून जातो. पाणी टाकीत साठवून ठेवू नये, एका दिवसात त्याला वास सुटतो. नारळाला क्षार बऱ्यापैकी सोसतात, केळी, अळू आणि कर्दळ ओलीत आनंदाने वाढतात. लिंबू आणि मोगरा यांना हे पाणी देऊ नये. मेथी-पालकाला तर मुळीच नको, विशेषतः बाळाचे लंगोट त्याच पाण्यात धुतले जात असताना.


खाडीकाठ (वेंगुर्ले)

मातीकाम यांनी मातीची बाजू पूर्ण मांडली आहे, मी रिठ्याविषयी लिहिते, कारण आमच्याकडे तो अजूनही घराघरांत वापरला जातो.

रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असते आणि फेस त्याचाच येतो. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी ते साबणासारखा साका धरत नाही, त्यामुळे तुमच्या पाण्यात रिठा साबणापेक्षा चांगला चालेल. त्यात सोडियमचा प्रश्न नाही आणि त्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. एवढे गुण असूनही रोजचे सगळे धुणे रिठ्यावर टाका असे मी सांगणार नाही. घामाचे सुती कपडे, बाळाची झबली, दुपटी, लोकरीच्या टोप्या, साधे रेशीम यांना तो उत्तम आहे. शेतातून आलेल्या पँटी, शर्टाच्या कॉलरी आणि स्वयंपाकघरातली तेलकट फडकी त्याने निघत नाहीत, आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर वारंवार वापरल्यास हलकी पिवळसर झाक येते.

करण्याची रीत सोपी आहे. बिया काढलेल्या दहाबारा साली रात्री कोमट पाण्यात भिजवाव्यात, सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर पाव तास उकळाव्यात, हाताने कुसकरून फडक्यातून गाळावे. सालींचा रंग मधासारखा उतरतो आणि बोटांना बुळबुळीतपणा लागला म्हणजे अर्क नीट उतरला असे समजावे. एका मध्यम बादलीला वाटीभर अर्क पुरतो. तो फ्रीजबाहेर दोन दिवसांत आंबतो, म्हणून लागेल तेवढाच करावा. डोळ्यांत गेला तर फार चुरचुरते, त्यामुळे बाळ आसपास रांगत असेल तर भांडे वर ठेवावे.

आता एक गोष्ट जी रिठ्याची महती सांगणाऱ्या संदेशांत कधीच नसते. सॅपोनिन माशांना विषारी आहे. ते कल्ल्यांवर परिणाम करते, आणि सॅपोनिन असलेल्या वनस्पती पाण्यात कुटून टाकून मासे गुंगवण्याची रीत देशात अनेक ठिकाणी होती. मातीत पडलेल्या सॅपोनिनचे जिवाणू विघटन करतात, म्हणून तुमच्या केळीला त्याची भीती नाही. मात्र ओढ्यावर, पाणवठ्यावर किंवा विहिरीच्या काठावर बसून रिठ्याने कपडे धुऊ नयेत आणि त्याचे पाणी तळ्यात जाऊ देऊ नये. झाडावर पिकते म्हणून ते सगळ्या जिवांना सोसते असे धरून चालण्याची सवय मला धोक्याची वाटते. आमच्या व्हाळात उन्हाळ्यात पाण्याचे डबके तेवढे उरते आणि लहान मासे त्याच डबक्यात जीव धरून असतात.

सासूबाई राखेचा विषय काढतील म्हणून तेही लिहून ठेवते. लाकडाच्या राखेच्या निवळीत मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असते, सोडियम नव्हे, हे तिच्या बाजूचे आहे. पण ती निवळी हातांची कातडी सोलते आणि तुमच्या आधीच विम्ल, म्हणजे आम्लारी, असलेल्या जमिनीचा सामू आणखी वाढवते. आमच्या आम्लधर्मी जांभ्या मातीत जे चालते ते काळ्या मातीत चालेलच असे नाही.

कपडे मऊ करणारे जे सुगंधी द्रव शेवटच्या पाण्यात घालतात ते तान्ह्या बाळाच्या कपड्यांना आणि टॉवेलना लावूच नयेत. त्यांचा थर धाग्यावर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो, शिवाय त्यांतील घटक पाण्यातल्या जिवांना अपायकारक असतात. तुमच्याकडे ऊन भरपूर आहे. टॉवेल दोरीवर घालण्यापूर्वी दोन्ही हातांत धरून जोराने झटकावा आणि वाळल्यावर पुन्हा एकदा झटकून घडी घालावी, एवढ्याने तो पुष्कळ मऊ राहतो.


सूतधागा (येवला)

साड्यांचा प्रश्न वाचून लिहीत आहे. आमच्या घरात विणकाम आहे आणि दुरुस्तीसाठी येणाऱ्या जुन्या पैठण्या रोज हातांखालून जातात. त्यांतल्या निम्म्या दुखण्यांचे मूळ धुण्यात आणि ठेवण्यात असते.

पहिले म्हणजे कपडा जितक्या कमी वेळा धुवावा लागेल तितका तो टिकतो आणि तितके पाणी, साबण व पैसे वाचतात. कार्यक्रमाहून आल्यावर रेशमी साडी लगेच घडी घालून कपाटात ठेवू नये आणि लगेच ड्रायक्लीनिंगलाही देऊ नये. सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी एक रात्र पसरून ठेवावी. घाम लागलेला असतो तो बहुधा पदराच्या खांद्यावरच्या भागात आणि कमरेजवळ. तेवढीच जागा स्वच्छ पाण्यात पिळलेल्या सुती फडक्याने हलके टिपून घ्यावी, चोळू नये. रेशीम आणि लोकर हे प्रथिनांचे धागे आहेत. त्यामुळे प्रथिनांचे डाग काढण्यासाठी ज्या डिटर्जंटमध्ये एन्झाइम (विकर) घातलेले असतात ते या धाग्यालाही खातात, आणि सोड्याच्या पाण्याने रेशमाची चमक जाऊन ते खरखरीत होते. जरी नसलेली किंवा साध्या काठांची रेशमी साडी रिठ्याच्या थंड पाण्यात हाताने धुता येते. पहिल्यांदा धुताना आतल्या बाजूच्या कोपऱ्यावर रंग सुटतो का हे पाहून घ्यावे. भरजरी पैठणी मात्र पाण्यात घालू नये.

ड्रायक्लीनिंग म्हणजे पाण्याऐवजी द्रावकात धुणे. त्यासाठी जगभर वापरले गेलेले टेट्राक्लोरोएथिलीन हे द्रावक माणसात बहुधा कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण आहे, आणि अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनिंगमधला त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम केला. आपल्याकडे अनेक ठिकाणी पेट्रोल वॉश या नावाने खनिज तेलाचे द्रावक वापरतात. साडी परत आल्यावर प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दिवसभर वाऱ्यावर ठेवावी, मगच कपाटात न्यावी.

डांबरगोळ्या बंद करण्याचा आपला विचार अगदी योग्य आहे आणि बाळ घरात असताना तो आजच अमलात आणावा. डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनच्या वाफा कपड्यांत मुरतात. काही बाळांना जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते आणि ती घरच्यांना ठाऊकही नसते. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेल्या शालीत गुंडाळले तरी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. गोळ्या काढून सगळे कपडे आधी वाऱ्यावर टाका, बाळाचे कपडे आणि पांघरुणे धुऊन घ्या. त्यानंतर वेखंडाचे तुकडे, सुकवलेला कडुनिंबाचा पाला किंवा लवंगा सुती पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवाव्यात, त्या रेशमाला थेट लागू देऊ नयेत आणि वास उतरला की बदलाव्यात. या वस्तू किडीला दूर ठेवतात, मारत नाहीत. म्हणून खरे काम स्वच्छतेचे आहे: कसर लागते ती घामाच्या, अन्नाच्या डागांना आणि खळीला. भाताच्या पेजेची खळ दिलेल्या सुती साड्या नेसायच्या असतील तेव्हाच खळीत घालाव्यात, वर्षभर ठेवायच्या साड्या मात्र खळ पूर्ण धुऊन ठेवाव्यात. पैठणी जुन्या, धुतलेल्या मलमलीत गुंडाळावी, प्लास्टिकमध्ये नको, कारण कोंडलेल्या दमटपणाने जरीची तार काळी पडते. हँगरला टांगू नये, जरीच्या वजनाने कापड ओढले जाते. दर दोनतीन महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या ठिकाणी घालावी, नाहीतर घडीच्या रेषेवर रेशीम चिरते. आमच्याकडे येणाऱ्या चिरलेल्या पैठण्यांत ही सरळ रेष इतक्या वेळा दिसते की साडी पुरती उलगडण्याआधीच कारण कळते.

डागांसाठी तीव्र रसायने आणण्याची गरज क्वचितच पडते. हळदीचा डाग साबण लागताच लालभडक होतो आणि लोक घाबरून ब्लीच ओततात. हळदीतल्या रंगद्रव्याचा आम्लारीत रंग पालटतो, एवढाच त्याचा अर्थ. हे द्रव्य उजेडात टिकत नाही, म्हणून सुती कपडा धुऊन ओला असतानाच कडक उन्हात डागाची बाजू वर करून पसरावा, डाग दोनतीन उन्हांत फिकट होऊन जातो. रक्ताच्या डागाला गरम पाणी कधीही लावू नये, त्याने तो पक्का बसतो. तेल सांडल्यास आधी बेसन किंवा तांदळाचे पीठ टाकून ते तेल पिऊ द्यावे, झटकावे, मग धुवावे. केळीच्या चिकाचा डाग मात्र वाळला की निघत नाही, त्यामुळे बागेत काम करताना जुनेच कपडे घालावेत हे उत्तम.


कर्दळ (बार्शी परिसर)

सर्वांचे मनापासून आभार. सॉफ्टनर घ्यायचा नाही हे ठरले, आणि डांबरगोळ्या काल रात्रीच काढून टाकल्या. रोजच्या धुण्याला द्रव डिटर्जंट, बाळाच्या कपड्यांना रिठा आणि खळबळीचे पाणी नारळ-केळीकडे, अशी व्यवस्था करत आहोत. गेली काही वर्षे मोरीच्या गटाराचे पाणी केळीजवळच्या एका कोपऱ्यात झिरपत आले आहे. तिथली जमीन आधीच चोपण झाली असेल का, हे घरच्या घरी कळू शकते का? शिवाय माझे आणि यजमानांचे बरेच कपडे पॉलिएस्टरचे आहेत. त्यांतून निघणारे बारीक तंतूही बागेत जाणार, त्याचे काय करावे?


मातीकाम

ढोबळ कल्पना घरी येऊ शकते. त्या कोपऱ्यातले आणि बागेच्या लांबच्या टोकाचे असे सुपारीएवढे एकेक ढेकूळ सावलीत पूर्ण वाळवा. दोन काचेच्या वाट्यांत पावसाचे साठवलेले किंवा बॅटरीसाठी मिळते तसे शुद्ध पाणी घ्या. बोअरचे पाणी चालणार नाही, त्यातला कॅल्शियम परिणाम झाकून टाकतो. ढेकूळ अलगद पाण्यात सोडा आणि न हलवता काही तास ठेवा. ढेकूळ फुटून भुगा झाला पण पाणी नितळ राहिले तर काळजी नाही. ढेकळाभोवती दुधासारखे गढूळ वलय पसरले आणि ते खाली बसेना, तर सोडियम वाढला आहे असे समजून माती तपासणीला द्या आणि विनिमयक्षम सोडियमचे (मातीच्या कणांना धरून बसलेल्या, बदलता येणाऱ्या सोडियमचे) प्रमाण मागा. ते १५ टक्क्यांच्या वर असेल तर जमीन चोपण धरतात. त्यावर जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचे खनिज, घालतात, पण त्याची मात्रा अहवाल पाहूनच ठरवावी. जिप्सममुळे सुटलेला सोडियम खाली वाहून जायला निचरा लागतो. चर न काढता नुसते जिप्सम टाकून उपयोग होत नाही.

पॉलिएस्टरचे तंतू पूर्ण थांबवता येत नाहीत, कमी करता येतात. पाणी जास्त आणि कपडे कमी असले की घुसळण वाढून तंतू अधिक सुटतात, म्हणून मशीन पूर्ण भरूनच लावावे आणि अशा कपड्यांना कमी वेळाचे, हलके आवर्तन द्यावे. शक्य असेल तर पॉलिएस्टरचे कपडे वेगळ्या दिवशी धुऊन त्या दिवशीची सगळी पाणी गटारालाच सोडावीत. बागेकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाला दाट विणीच्या कापडाची दुहेरी पिशवी घट्ट बांधा. तिच्यात साचलेला करडा गाळ वाळवून सुक्या कचऱ्यात टाकावा. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये आणि पिशवी बागेच्या नळाखाली धुऊ नये.